कापगतेजींचं रॉकेट

कापगतेजी खोकले की मी बोलणं थांबवायचे आणि टेबलावर जोडलेल्या तारांकडे पुन्हा बघायचे. एकदा खोकले तर कुठेतरी जोडणी सैल आहे असं समजायचं. दोनदा खोकले तर मी फळ्यावरच काहीतरी चुकीचं लिहिलेलं असायचं. भिलाईत, पोलाद कारखान्याच्या वसाहतीतल्या सेक्टर ६ मधल्या एका शाळेत मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवायचे आणि सुखदेव कापगते आमच्या प्रयोगशाळेत परिचर होते. वर्गासमोर शिक्षकाची चूक काढायची नाही, हा त्यांचा नियम. चूक तशीच जाऊ द्यायची नाही, हाही त्यांचाच. या दोन नियमांच्या मधून त्यांनी खोकल्याची वाट काढली होती.

मी लग्न होऊन गोंदियाहून इकडे आले. नवरा रेल्वेत, दुर्गला. शाळेत सगळा कारभार हिंदीत. पहिल्याच दिवशी मी फोनवर आईशी बोलत होते, तर मागून आवाज आला, "तुमी आपल्याकडच्या हाव का, मॅडम?"

"गोंदियाची."

"मंग काई लांब नाई. आमी साकोलीकडचे. माहा बाप प्लांटचा पाया खोदाले आला अन् इथंच राह्यला."

एवढं बोलून कापगतेजी परत काच पुसायला लागले. त्यानंतर बाकीच्यांशी हिंदी आणि माझ्याशी मराठी, असं त्यांनी आपलं ठरवून टाकलं.

अंगानं सडपातळ, करड्या रंगाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेली. खिशात दोऱ्याचं रीळ, कागदात गुंडाळलेलं अर्धं ब्लेड आणि मेणबत्तीचा एक तुकडा. खुर्सीपारहून रोज सायकलनं यायचे, प्रार्थनेच्या अर्धा तास आधी. आल्याबरोबर खिडक्या उघडायच्या, मग घरून आणलेल्या पंच्यानं हात कोरडे करायचे, मगच कशाला हात लावायचा. उपकरणांशी त्यांचं नातं घरच्या माणसांसारखं होतं. जुना स्प्रिंगचा काटा थोडं कमी वजन दाखवायचा, त्याचं नाव 'म्हातारा'. वीजप्रवाह दाखवणारे दोन गॅल्व्हानोमीटर होते, त्या बहिणी. "ही धाकटी रुसते," असं सांगून ते तिला खिडकीपासून दूर ठेवायचे. आणि आपल्याला एखादी गोष्ट ठाऊक नसली तर 'माहीत नाही' असं ते कधी म्हणत नसत. म्हणायचे, "विचारतो त्याले." मग मधल्या सुट्टीत डबा घेऊन त्या उपकरणासमोर बसायचे. संध्याकाळपर्यंत उत्तर मिळालेलं असायचं.

ते मॅट्रिकला गणितात नापास झाले, पुन्हा बसलेच नाहीत. विशीच्या आत शाळेत लागले आणि चाळीसेक वर्षं दुसऱ्यांच्या तासाची मांडामांड करत राहिले. बोर्डाच्या प्रॅक्टिकलला बाहेरून येणारे परीक्षकसुद्धा आल्याआल्या विचारायचे, "कापगतेजी हैं ना?" पण मुलांसमोर उभं राहून बोलणं हे काही त्यांचं काम नव्हतं. त्याबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही. फक्त एकदा, सुट्टीच्या दिवशी मी राहिलेल्या वह्या घ्यायला गेले, तर ते हातात खडू घेऊन फळ्यासमोर उभे दिसले. फळा कोरा होता. मला बघताच त्यांनी फडकं उचललं आणि तो कोरा फळाच पुसायला लागले. मीही वह्या उचलल्या आणि निघाले.

रॉकेटचं खोकं दोन वर्षं कपाटावर पडून होतं. शाळेतून शिकून गेलेल्या, आता परदेशात नोकरी करणाऱ्या एका मुलीनं ते फिजिक्स विभागाला पाठवलेलं. आमचे विभागप्रमुख तिवारी सर माणूस चांगला, पण काळजीचा. "आग का खेल है," असं म्हणून त्यांनी ते वर ठेवून दिलं होतं. एका वर्षी विज्ञान सप्ताहासाठी नवीन काय करायचं, असा विषय निघाला आणि मी ते खोकं खाली काढलं.

आत पुठ्ठ्याची एक लांब नळी, टोकाला बसवायचं प्लास्टिकचं शंकूसारखं नाक, बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाची फळी, प्लास्टिकचा पॅराशूट, रबराची पट्टी आणि इंग्रजीतला मोठा नकाशा. वरच्या हवेचा अभ्यास करायला सोडतात तशा एका खऱ्या रॉकेटची, सहाव्या हिश्श्याची प्रतिकृती होती ती. तळाशी एक चिठ्ठी होती, हिंदीत लिहिलेली. 'कापगते काका के लिए. व्हर्नियर पढ़ना मुझे आपने सिखाया था, छुट्टी के बाद, चुपचाप. इसे आप ही बनाइएगा.'

मी चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली.

"कोन पोरगी, आठवते का?" मी विचारलं.

"डाव्या हातानं स्क्रू फिरवे ते. लय कसून आवळे. मी म्हनलो, बाई, त्याले दुखते." चिठ्ठीची घडी त्यांनी खिशात ठेवली आणि बराच वेळ त्या नळीला हात न लावता नुसते बघत बसले. "दोन वर्षं माह्याच डोक्यावर होतं हे. रोज धूळ झटकत होतो."

तिवारी सरांनी ती चिठ्ठी वाचली आणि घडी घालून परत दिली. मग म्हणाले, "बनाइए. लेकिन उड़ाएंगे कॉलेज वाले." जवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मुलांचा रॉकेट क्लब होता. परवानगी, इंधनाची मोटर, पेटवण्याची तार हे सगळं ते आणणार होते. रॉकेटचं शरीर तेवढं आम्ही करायचं.

'आम्ही' म्हणजे कापगतेजी. नकाशावरचा एकेक इंग्रजी शब्द त्यांनी वहीत देवनागरीत उतरवला आणि रोज एक-दोन मला विचारायचे. एका वेळी दोनापेक्षा जास्त नाही. "जास्त घेतले का मिसळून जाते," असं त्यांचं म्हणणं. लाकडाच्या फळीतून चार पंख कापायचे होते. त्यांनी फळी उजेडात धरली, नखानं तिच्या रेषांची दिशा बघितली आणि मला दाखवली. "हे पाहा. रेष अशी बाहेर जाणारी पाह्यजे. आडवी ठेवली तं पंख बोटानं मोडन." मग अर्ध्या ब्लेडनं, एका दमात जोर न लावता, सात-आठ वेळा हलकेच फिरवून एकेक पंख कापला. प्रत्येक माप व्हर्नियरच्या बारीक मापपट्टीनं तपासलं. पांढऱ्या गोंदाची बारीक रेघ पंखाच्या मुळाशी बोटानं फिरवून गुळगुळीत केली. रंगासाठी पावर हाउसच्या बाजारात दोन खेपा घातल्या, कारण पहिल्या खेपेला आणलेला पांढरा रंग त्यांच्या मते पिवळ्याकडे झुकत होता.

खरी अडचण पुढे आली. रॉकेट सरळ जाईल की नाही हे उडवायच्या आधी बघता येतं. ते जिथे तोलून राहतं तिथे दोरी बांधायची आणि डोक्याभोवती गोल फिरवायचं. नाक पुढे ठेवून फिरलं तर ठीक. कापगतेजींनी मोटरच्या जागी तेवढ्याच भाराची पितळी वजनं भरली आणि व्हरांड्यात रॉकेट फिरवलं. ते आडवं झालं, लटपटलं आणि शेपटी पुढे करून फिरायला लागलं.

तिवारी सर बघत होते. "पंख छोटे हैं. बड़े काट दो, सीधा चलेगा."

"सर, असली में इतने ही छोटे हैं."

"असली कौन देख रहा है?"

कापगतेजींनी हिंदी सोडून माझ्याकडे बघत मराठीत उत्तर दिलं, "मंग ते तेच रॉकेट राहत नाई, मॅडम. दुसरंच काई होऊन जाते."

सरांना ते समजलं असावं. ते पंखांचा विषय सोडून निघून गेले.

दोन दिवस कापगतेजी रॉकेटसमोर डबा घेऊन बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी कपाटातून शिशाचे छर्रे काढले, उष्णतेच्या प्रयोगासाठी आम्ही वापरतो ते. नाक जड केलं तर पंख न वाढवताही तोल पुढे सरकेल, हे त्यांनी आपलं आपणच शोधलं होतं. चमचाभर छर्रे नाकात, गोंद, वाळवण, फिरवणं. पुन्हा अर्धा चमचा. चार दिवस व्हरांड्यात हेच चाललं. पाचव्या दिवशी रॉकेटचं नाक पुढे झालं आणि डोक्याभोवती ते असं सरळ फिरलं, की येणाऱ्या-जाणाऱ्या मुली भिंतीला चिकटून बघत उभ्या राहिल्या. कापगतेजींना थांबवेना. शेवटी चक्कर आली म्हणून बाकावर बसले.

त्याच वर्षी ते निवृत्त होणार होते. दोन महिने उरले होते.

उड्डाणाचा दिवस थंडीतला. सकाळची दुसरी तासिका, शाळेमागचं मैदान. नववी ते बारावीची मुलं लांब अंतरावर ओळीनं बसवलेली. प्लांटच्या चिमण्यांचा धूर सरळ वर चालला होता. "वारा नाई. चांगलं हाये," कापगतेजी म्हणाले. आदल्या संध्याकाळीच त्यांनी सगळी तयारी करून ठेवली होती. पॅराशूटची घडी करून, दोऱ्या गुंडाळून नळीत भरून, नाक बसवून रॉकेट कपाटात उभं केलं होतं, सकाळी गडबड नको म्हणून. कॉलेजच्या मुलांनी बोटाएवढी मोटर बसवली, तार जोडली. प्रिन्सिपल मॅडमनी बटण दाबलं.

फुस्स करून धुराची रेघ उठली आणि रॉकेट सरळ, अगदी सरळ वर गेलं. मुलांनी आरोळी ठोकली. वर ते थांबलं, कलंडलं, बारीक 'टप्' आवाज झाला आणि नाक सुटलं. आता पॅराशूट उघडायचा. त्याऐवजी प्लास्टिकची एक गुंडाळी बाहेर आली, ती तशीच राहिली आणि रॉकेट दगडासारखं खाली आलं. मैदानाच्या मध्यभागी आपटलं. नळी चुरगळली, एक पंख उडाला.

दोनशे मुलांत मागून कोणीतरी हसलं. प्रिन्सिपल मॅडमचा चेहरा कडक झाला. "पैराशूट किसने बांधा था?"

तिवारी सर घाईनं म्हणाले, "मैडम, वो कॉलेज वालों की तरफ से..." कॉलेजचा पोरगा काही बोलणार, तोच कापगतेजी पुढे आले. हातात मोडकं रॉकेट.

"मैंने बांधा था, मैडम. कल शाम को. यही गलती हुई."

"मतलब?"

"तह करके ज्यादा देर रखा, तो प्लास्टिक वैसा ही जम गया. ठंड थी. हवा मिली, पर खुला नहीं."

तिथेच प्रकरण संपलं असतं. पण पहिल्या ओळीतली एक मुलगी हात वर करून उभी राहिली आणि तिनं प्रिन्सिपल मॅडमना नाही, कापगतेजींनाच विचारलं, "काका, लेकिन ऊपर इतना सीधा कैसे गया?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग मॅडमकडे. मॅडमनी घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बताइए."

कापगतेजी जमिनीवर बसले. पहिली दोन-तीन वाक्यं ते मुलांकडे न बघता त्या पॅराशूटलाच सांगत होते. आवाज जेमतेम ऐकू येत होता. मग त्यांनी रॉकेट बोटावर तोलून धरलं, नाकात छर्रे का घातले ते सांगितलं, पंखाच्या रेषा दाखवल्या, आणि केव्हा त्यांचा आवाज मोकळा झाला ते त्यांनाही कळलं नसेल. मागच्या ओळीतली मुलं गुडघ्यांवर सरकत पुढे आली. बोलण्याच्या भरात दाब म्हणायच्या जागी ते बल म्हणून गेले. मी खोकले. दोनदा. ते थांबले, माझ्याकडे बघून लहान मुलासारखे हसले आणि शब्द दुरुस्त करून पुढे बोलायला लागले. तासाची घंटा झाली, पुढच्या तासाची शिक्षिका येऊन उभी राहिली, आणि तीही ऐकत बसली.

संध्याकाळी प्रयोगशाळेत ते नेहमीसारखे भिंग पुसत होते. मी म्हटलं, "आज छान शिकवलं तुम्ही."

"रॉकेट तं मोडलं ना, मॅडम."

"पण छान शिकवलं."

 भिंग पुसून झालेलं होतं तरी ते पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी तिवारी सर स्वतः मोडकं रॉकेट घेऊन आले आणि टेबलावर ठेवत म्हणाले, "कापगतेजी, एक बार और." नळी बदलायला हवी होती आणि तशी नळी इथे मिळणार नव्हती. कापगतेजींनी विजेच्या तारा घालतात तसला एक पाइप शोधला, बरोबर त्या जाडीचा. त्याला मेणबत्तीचं मेण चोळलं आणि खाकी कागद गोंद लावून त्यावर घट्ट गुंडाळला. पहिली नळी वाकडी निघाली, दुसरी पाइपातून सुटेचना. तिसरी निघाली ती मूळ नळीपेक्षा कडक होती. मधल्या सुट्टीत आता ते एकटे नसायचे. चार-पाच मुली डबे घेऊन त्यांच्याभोवती बसायच्या आणि कागद कसा ताणायचा यावरून आपसात भांडायच्या.

दुसरं उड्डाण त्यांच्या निवृत्तीच्या आठवड्यात झालं. या वेळी पॅराशूट मैदानावरच, सगळ्यांच्या समोर भरला. कापगतेजींनी बायकोची पावडरची डबी आणली होती. प्लास्टिकला पावडर चोळली, सैल घडी घातली. प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या, "बटन आप दबाइए."

"नहीं मैडम." मग हळूच मला म्हणाले, "बटन दाबलं का ध्यान बटनावर राहते. मले पाह्यचं हाये."

बटण तिवारी सरांनी दाबलं, डोळे मिटून. रॉकेट गेलं. कापगतेजी मान मागे टाकून, तोंड उघडं ठेवून बघत होते, दोन्ही हात शर्टाच्या कडेला घट्ट धरलेले. वर 'टप्' झालं. एक क्षण काहीच नाही. मग लाल-पांढरा पॅराशूट फटकन उघडला.

त्या वेळी मैदानात जो गलका झाला तो शेजारच्या क्वार्टरांपर्यंत गेला असणार, कारण बायका गच्चीवर आल्या. वारा थोडा होता. रॉकेट डुलत डुलत मैदान ओलांडून एका क्वार्टरच्या अंगणात उतरलं, नेमकं डाळीच्या वड्या वाळत घातलेल्या खाटेवर. तिथली बाई ते हातात घेऊन फाटकाशी आली आणि ओरडून विचारलं, "ये किसका है?"

दोनशे मुलांनी एका आवाजात उत्तर दिलं, "काका का!"

कापगतेजी रस्ता ओलांडून गेले. आधी त्यांनी वड्यांची माफी मागितली, विस्कटलेल्या वड्या परत ओळीनं लावून दिल्या आणि मगच रॉकेट हातात घेतलं. परत येताना ते रडत होते की उन्हामुळे डोळ्यांना पाणी आलं होतं, मला सांगता येणार नाही. मी विचारलंही नाही.

निरोप समारंभ रीतसर झाला. शाल, नारळ, भाषणं. रॉकेट प्रयोगशाळेच्या काचेच्या कपाटात ठेवलं. त्याखाली तिवारी सरांनी स्वतःच्या अक्षरात पाटी लावली, 'निर्माण : सुखदेव कापगते'. हुद्दा लिहिला नव्हता. मी विचारलं तर सर म्हणाले, "नाम काफी है."

पुढच्या थंडीत नवऱ्याची बदली नागपूरला झाली. निघायच्या आधी खोकी आणायला मी पावर हाउसला गेले होते. कागदाच्या ठोक दुकानासमोर ही गर्दी, ऑटो, हातगाड्या. आणि काउंटरला टेकून कापगतेजी. दुकानदाराला ते सांगत होते, "भैया, यह नहीं, मोटा वाला. इकतालीस बच्चियों के हिसाब से दीजिए." मी जवळ गेले, हाक मारली. ते वळले आणि चेहरा एकदम उजळला.

"मॅडम! पाहा, तुमाले सांगाचंच राह्यलं. आमच्या खुर्सीपारच्या शाळेत जाऊन राहिलो मी. आठवड्यातून दोन डाव. तिथल्या मोठ्या बाईनं बलावलं. नळ्या करून राहिल्या पोरी. एकीची तं माह्यापेक्षा सरळ निघते."

मला त्यांना बदलीचं सांगायचं होतं, घरी चहाला बोलवायचं होतं. पण तोवर त्यांनी कागदाच्या गुंडाळ्या सायकलच्या मागे आडव्या बांधल्या होत्या. एक पाय पेडलवर ठेवून ते मला म्हणाले, "बोललो असतो, मॅडम. पन अकरा वाजता माहा तास हाये."

गर्दीत सायकल चालवता येईना, म्हणून ते उतरून ढकलत निघाले. गुंडाळ्या दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेल्या. ऑटोवाले, भाजीवाल्या, हमाल त्यांना वाट करून देत होते, आणि ते घंटी वाजवत, पुढे बघत, चालले होते.